जमिनीची अडचण

ट्रूडी हॅस्लरने टेपचं एक टोक लोर्नाच्या हातात दिलं आणि दुसरं टोक ओढत ती उलट्या पावलांनी फुटपाथपर्यंत गेली.

"खांबाला टेकवून धरा हं. सोडू नका."

लोर्नाने धरलं. ट्रूडी नगरपालिकेच्या झोनिंग, म्हणजे बांधकामाचे नियम बघणाऱ्या, खात्यातून आली होती. हे कुंपण नियमात बसत नाही हे ठरवायला आली होती, आणि लोर्ना तिला ते ठरवायला मदत करत होती. यात काही विचित्र आहे असं लोर्नाला वाटलं नाही. हल्ली कोणी हातात काही दिलं की ती धरायची, आणि परत घेतलं की सोडायची.

तिचा भाऊ गॅरेट फळ्यांच्या ढिगावर बसला होता. सगळे खांब त्यानेच रोवले होते, दोन खांबांमधल्या फळ्याही ठोकून झाल्या होत्या. बाकीचं कुंपण अजून ढिगातच होतं.

"अहो बाई, ही घराची बाजू आहे," तो म्हणाला. "पुढचं दार तिकडे, हेझल रोडला. बाजूला सहा फूट चालतं. मी वाचून केलंय."

"बरोबर वाचलंत. पण घर कोपऱ्यावर आहे."

"मग?"

"कोपऱ्यावरच्या घराला दोन पुढची अंगणं असतात. जिथे रस्ता, ती बाजू पुढची. पुढे चार फुटांच्या वर जायचं नाही, आणि तेसुद्धा आरपार दिसेल असं."

"दोन पुढची!" गॅरेट हसला. "म्हणजे मी आता बायकोला सांगू का, मला दोन तोंडं आहेत आणि दोन्ही पुढचीच?"

"तिला माहीत असेल," ट्रूडी म्हणाली आणि टेप गुंडाळायला लागली.

गॅरेटने लोर्नाकडे पाहिलं. तिला हसू आलं का ते त्याला बघायचं होतं. लोर्ना टेपचं टोक सरसरत परत जाताना बघत होती.

"पण तुम्हाला कळलं कसं?" त्याने विचारलं. "इकडे तर कोण कुत्रं फिरकत नाही."

"तक्रार आली होती."

"कोणाची?"

"ते आम्ही सांगत नाही."

"माझी," फुटपाथवरून आवाज आला. तिसऱ्या घरातली जनीन क्रॉफ्ट उभी होती, आणि खरंच एक कुत्रं बरोबर होतं, छोटं, पांढरं, दोरी ओढणारं. "लपवायचं काय त्यात? मी केली. अगं लोर्ना, तुझ्यावर राग नाही हं माझा. मायलोच्या वेळी मी जेवायला लझान्या आणून दिला होता की नाही?"

"दिला होता."

"दोनदा."

"हो. दोनदा."

"मग! पण आज तू सहा फूट लावलंस, उद्या तो शेपर्ड लावणार आठ फूट, परवा कोणीतरी काटेरी तार. मग आपण राहतो कुठे, तुरुंगात? पुढचं अंगण आपलं असतं गं, पण बघायला ते सगळ्या गल्लीचं असतं. तुला काही नको दिसायला हवं असेल तर खिडकीला पडदा लाव ना."

गॅरेट उठला. "जनीन, आता तुम्ही ना—"

"लावला होता," लोर्ना म्हणाली. "पडदा सारता येतो."

जनीनला ते कळलं नाही, किंवा कळलं असेल. ती कुत्र्याची दोरी सोडवत राहिली, आणि दोरी कुठे अडकलेली नव्हती.

गॅरेट हात धुवायच्या निमित्ताने बागेतल्या नळाकडे गेला. ट्रूडीलाही हात धुवायचे होते. लोर्नाने तिला आत नेलं.

स्वयंपाकघरातल्या सिंकवर खिडकी होती. ट्रूडीने नळ सोडला, साबण घेतला आणि मान वर केली. रस्त्यापलीकडे, थोडं उंचावर, वेंडेल प्रायरचं घर. गॅरेजचं दार उघडं. गॅरेजपासून रस्त्यापर्यंत काँक्रीटचा उतार, बरोबर खिडकीच्या मधोमध, फ्रेम केल्यासारखा. गॅरेजमध्ये गाडी नव्हती. घडीच्या खुर्चीत म्हातारा वेंडेल बसला होता. पूर्वी तो तिथे बसून रेडिओवर बेसबॉल ऐकायचा, आवाज इकडे यायचा. आता नुसता बसायचा.

एप्रिलमध्ये वेंडेल बाजारातून आला होता. गाडी तो नेहमी उलटी आत घ्यायचा, तोंड रस्त्याकडे ठेवून, म्हणजे सकाळी निघताना त्रास नको. तशीच उलटी घेत होता. लोर्नाचा मुलगा मायलो फुटपाथवरून पायाने ढकलायच्या स्कूटरवर आला. दिसला नाही. पोलिसांनीही टेप लावून मोजलं होतं, आणि चूक कोणाचीच नाही असं सांगितलं होतं. मायलोला सातवं लागलं होतं. त्याचे वडील ॲरिझोनाहून अंत्यविधीला आले आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत गेले. त्यांचं तिकडे दुसरं घर होतं. वेंडेलने त्याच आठवड्यात गाडी विकली.

शाळेच्या समुपदेशक बाईंनी लोर्नाला सांगितलं होतं की राग येईल, खूप येईल, तयारी ठेवा. लोर्नाने तयारी ठेवली होती. आला नाही. ती सिंकपाशी उभी राहायची आणि बघायची. बघताना काही व्हायचंही नाही, फक्त नळाचं गरम पाणी संपून थंड यायला लागायचं आणि मग हाताला कळायचं. पडदा लावला तर ती पडद्यासमोर उभी राहायची, आणि केव्हातरी हातच तो बाजूला करायचा. शेवटी तिने कागदाच्या ताटल्या आणल्या. पण पाणी प्यायला तरी तिथेच यावं लागतं.

ट्रूडीचे हात केव्हाच धुऊन झाले होते. तिने नळ बंद केला.

"सवलतीसाठी अर्ज करता येतो," ती म्हणाली. "बोर्डापुढे सुनावणी होते. कधीकधी देतात."

"काय सांगायचं त्यांना?"

"अडचण सांगायची." ट्रूडीने टॉवेल शोधला, मिळाला नाही, पँटला हात पुसले. "पण जमिनीची. माणसाची अडचण बोर्डाला चालत नाही. माणूस काय, आज आहे, उद्या घर विकून जातो. जमीन तिथेच असते. म्हणून जमिनीला काय त्रास आहे ते विचारतात. आकार वाकडा आहे का, पाणी साचतं का, उतार आहे का."

"जमिनीला काही त्रास नाहीये."

"तुमचं घर रस्त्याच्या खाली आहे. समोरचा उतार सरळ तुमच्या खिडकीवर येतो. समोरून गाडी तोंड पुढे करून निघाली तर दिवे इथे आत पडणार."

"पडायचे. पूर्वी."

"पूर्वी की आता, ते मी विचारलं नाही. मी जमिनीबद्दल बोलतेय."

ट्रूडी दारापर्यंत गेली आणि वळली.

"आणि मुलाचं नाव घेऊ नका तिथे. वाईट वाटून घेऊ नका, पण मी इतकी वर्षं बघतेय. तुम्ही नाव घेतलंत की सगळे रडतील, आणि मग नाही म्हणतील. डोळ्यांत पाणी आलेल्या माणसाला वाटतं आपण आता वाहवत चाललो. मग तो जास्तच कडक होतो."

"बरं," लोर्ना म्हणाली.

"बोर्डाने नाही म्हटलं तर खांब काढावे लागतील."

"बरं."

गॅरेट गाडीत सामान टाकत होता. त्याला तिने सांगितलं तेव्हा तो चिडला. "म्हणजे तिथे जाऊन दिव्यांबद्दल बोलायचं? दिव्यांबद्दल? लोर्ना, अगं तू खरं सांग ना त्यांना. कोण नाही म्हणेल?"

"जमिनीचं सांगायचंय."

"जमीन गेली खड्ड्यात."

ते बोलल्यावर त्याला स्वतःलाच कसंतरी झालं. तो गाडीत बसला, काच खाली केली, परत वर केली आणि गेला.

सुनावणी जूनमधल्या एका मंगळवारी संध्याकाळी होती, नगरपालिकेच्या सभागृहात. बाहेर अजून लख्ख ऊन होतं. घडीच्या खुर्च्या, एक पंखा, पुढे लांब टेबल आणि टेबलामागे बोर्डाची पाच माणसं. मधे अध्यक्ष क्लाइड ऑस्टरमन. दिवसा ते विमे विकायचे. ट्रूडी बाजूला फायली घेऊन बसली होती. तिने लोर्नाकडे पाहिलं नाही.

लोर्नाच्या आधी एका माणसाचं बोटीचं प्रकरण होतं. त्याने मोटारबोट पुढच्या अंगणात लावली होती आणि नियमाने ती मागे पाहिजे होती.

"मागच्या अंगणात का लावत नाही?" ऑस्टरमननी विचारलं.

"मागच्या अंगणात बायको असते."

सगळे हसले. बायकोही हसली, ती बाजूलाच बसली होती.

"ही अडचण जमिनीची नाही, फ्लॉइड."

"तुम्ही तिला अजून ओळखत नाही."

बोट नामंजूर झाली. मग लोर्ना कोवॅलिकचं नाव पुकारलं.

तिने हात वर करून शपथ घेतली. खरं सांगेन. मग तिने सांगायला सुरुवात केली. तिने ते गाडीत दोन-तीनदा म्हणून पाहिलं होतं आणि आता जसंच्या तसं येत होतं, दुकानातल्या बाईने किंमत सांगावी तसं. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे. समोरचा उतार खिडकीच्या रेषेत आहे. गाडीचे दिवे आत येतात. चार फुटांच्या कुंपणावरून येतील, सहा फुटांच्या कुंपणावरून येणार नाहीत. प्लॉट कोपऱ्यावर असल्यामुळे कुंपण दुसरीकडे सरकवता येत नाही.

टेबलामागची एक बाई खाली बघत होती. ती मायलोच्या शाळेत वाचनालयात होती. सगळ्यांनाच माहीत होतं. अख्ख्या गावाला माहीत होतं. कोणी काही बोलत नव्हतं, कारण लोर्ना बोलत नव्हती.

"घरात राहणारी माणसं किती?" ऑस्टरमननी समोरचा कागद वाचत विचारलं. प्रश्न सगळ्यांनाच विचारायचा असतो. विचारून झाल्यावर त्यांना कळलं आपण काय विचारलं. त्यांचा पेन तसाच राहिला.

"मी," लोर्ना म्हणाली.

पंखा एका बाजूला वळला, परत आला.

"कोणाला विरोध करायचाय?"

जनीनला करायचा होता. ती छान कपडे घालून आली होती. शपथ घेतली. आपल्या गल्लीत पहिल्यापासून कोणाच्याच हिरवळीला भिंत नाही, ही आपल्या गावाची शोभा आहे, बाहेरचे लोक गाडी थांबवून बघतात, असं ती बोलली. "आणि मला लोर्नाबद्दल काही नाही. देवाशपथ. कोणाहीबद्दल बोलले असते. एकदा एकाला दिलंत की उद्या फ्लॉइडसुद्धा कुंपण घालून आत बोट लावेल."

"आयडिया चांगली आहे," मागून फ्लॉइड म्हणाला. या वेळी कमी लोक हसले.

"बाजूने कोणाला बोलायचंय?" ऑस्टरमननी विचारलं.

कोणी नव्हतं. गॅरेट आला नव्हता. मग शेवटच्या रांगेतली खुर्ची करकरली.

वेंडेल प्रायर उठला. त्याने टाय लावला होता. आजूबाजूच्या घरांना नगरपालिका सूचना पाठवते, तशी त्यालाही गेली असणार. तो मधल्या वाटेने पुढे आला, आणि रांगांमधली माणसं पाय आत घेत गेली, वाटेला जागा असूनही.

वेंडेल तीस वर्षं गावातल्या बेसबॉलचा अंपायर होता. एकदा अंतिम सामन्यात त्याने ऑस्टरमनच्या मुलाला आऊट दिलं होतं. अख्खं मैदान ओरडत होतं, आणि ऑस्टरमन त्याच्याशी दोन वर्षं बोलले नव्हते. नंतर कोणीतरी काढलेला फोटो त्यांनी पाहिला. पोरगा आऊट होता.

वेंडेलने हात वर केला. शपथ घेतली.

"मी समोर राहतो," तो म्हणाला. "माझं घर उंचावर आहे. मी गाडी तोंड बाहेर ठेवून लावतो. निघताना दिवे यांच्या खिडकीत जातात. थेट जातात."

लोर्ना टेबलाच्या पायाकडे बघत होती.

"त्यांना त्रास होतो त्याचा. कुंपण पाहिजे तिथे."

"पण वेंडेल, तुमच्याकडे गाडी कुठाय?" जनीन अर्धवट उठली होती. "तुम्ही तर विकली ना ती? एप्रिलमध्येच तर तुम्ही—"

पुढचं वाक्य तिच्या तोंडात आलेलं सगळ्यांना दिसलं. तिलाही दिसलं. ती उभी राहिली, तोंड उघडं, मग चेहरा हळूहळू लाल झाला, मानेपासून वर.

"मिसेस क्रॉफ्ट," ऑस्टरमन म्हणाले, "तुम्हाला अजून काही सांगायचंय?"

"नाही."

"नक्की?"

"नाही म्हटलं ना." ती बसली आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली.

ऑस्टरमननी वेंडेलकडे बराच वेळ पाहिलं. वेंडेल सरळ उभा होता, निकाल दिल्यावर उभा राहायचा तसा. आता कोणीही येऊन ओरडा, असं.

"दिवे रोज पडतात?"

"रोज."

"मिस कोवॅलिक," ऑस्टरमन म्हणाले. आवाज एकदम हळू झाला होता. "हे बरोबर आहे का?"

लोर्नाने मान वर केली. शपथ तिचीही झाली होती. तिने वेंडेलकडे पाहिलं, एप्रिलनंतर पहिल्यांदा खिडकीशिवाय. त्याने दाढी करताना हनुवटीखाली कापून घेतलं होतं.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "रोज पडतात."

"नोंद करा. जमिनीचा उतार," ऑस्टरमन म्हणाले आणि मत घेतलं. पाचही हात वर झाले. वाचनालयातल्या बाईने हात वर ठेवूनच दुसऱ्या हाताने नाक पुसलं. ट्रूडीने कागदावर शिक्का मारला आणि पुढची फाईल उघडली.

लोर्नाला वाटलं होतं काहीतरी होईल. सुटल्यासारखं, किंवा निदान दमल्यासारखं. ती पार्किंगमध्ये आली, गाडीत बसली, बेल्ट लावला. कुंपण मिळालं. हे वाक्य तिने मनात म्हणून पाहिलं. ठीक होतं.

नगरपालिकेच्या पुढे रस्त्याला फुटपाथ नाही. वेंडेल गवताच्या कडेने चालला होता. टाय काढून खिशात कोंबला होता, त्याचं टोक बाहेर लोंबत होतं. लोर्नाची गाडी त्याच्या शेजारून पुढे गेली. बरीच पुढे गेल्यावर तिने कडेला घेऊन थांबवली. मागे घेतली नाही. आरशात तो लहान दिसत होता, मग मोठा होत आला.

तिने काच खाली केली.

"बसा."

"चालायची सवय झालीय आता."

"बसा."

तो उभा राहिला. दाराच्या कडीला हात लावला, काढला, मग मागचं दार उघडलं आणि मागे बसला. बेल्टचा खटका तिने ऐकला. ती निघाली. ती हळू चालवत होती. मागून एकाने हॉर्न वाजवला आणि पुढे निघून गेला. एका घरासमोर पाण्याचा फवारा गोल फिरत होता आणि त्याचं पाणी काचेवर आलं. तिने वायपर एकदाच फिरवला.

कोपऱ्यावर आल्यावर तिने स्वतःच्या घराच्या कडेला गाडी लावली. समोर खांब उभे होते आणि तेवढ्याच फळ्या.

"सहा फूट ना?" वेंडेलने मागून विचारलं.

"सहा."

"माझ्या वरच्या खोलीतून तरीही दिसेल. तुझं स्वयंपाकघर." तो थांबला. "मी तुला बघायला नव्हतो गेलो. नगरपालिकेचं पत्र आलं तेव्हा, सहा फुटांनी काय काय झाकलं जातं ते बघायला गेलो. तुझी खिडकी नाही झाकली जात. म्हणून मी ती खोली बंद केली. कुलूप लावलं. तुला माहीत असावं, एवढंच."

लोर्नाचे हात स्टिअरिंगवर होते. तिने त्याच्या घराच्या वरच्या खिडकीकडे पाहिलं. पडदा ओढलेला होता. उन्हाने काच पिवळी दिसत होती.

"उन्हाळ्यात वरचं तापतं," ती म्हणाली. "उघडत जा."

मागे बेल्ट सुटल्याचा खटका झाला. मग, "बरं."

तो उतरला. दार हळू लावलं, नीट लागलं नाही, परत उघडून लावलं. गाडीच्या पुढून वळसा घेऊन तो रस्त्याच्या कडेला आला आणि थांबला. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. रस्ता दोन्ही टोकांपर्यंत रिकामा होता. तरी तो उभाच. लोर्नाला वाटलं काही विसरला. तिने मागच्या सीटवर पाहिलं, काही नव्हतं.

तो तिच्या गाडीकडे बघत होता. तिच्याकडे नाही, गाडीच्या नाकाकडे. गाडी चालू होती, बारीक थरथरत होती.

तिने किल्ली फिरवली. इंजिन बंद झालं.

मग तो रस्त्यावर उतरला.